काल काय खाल्लं होतंस?

मराठी घरात कुणी पोटावर हात ठेवला की पहिला प्रश्न 'कुठं दुखतंय' हा नसतो. 'काल काय खाल्लं होतंस?' हा असतो. प्रश्नाच्या सुरातच निकाल लागलेला असतो, आरोपी तेवढा शोधायचा राहतो. वडापाव सापडला तर काम सोपं. तो नसेल तर पाणीपुरी, तीही नसेल तर ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. माणूस खरोखरच घरी जेवला असेल तर 'रात्री उशिरा जेवलास', आणि लवकर जेवला असेल तर 'जेवल्या जेवल्या आडवा झालास'. या उलटतपासणीतून निर्दोष सुटलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. घरच्या वांग्याच्या भरिताला मात्र पिंजऱ्यात उभं केलेलं कधी ऐकलं नाही, कारण भरीत ज्यांनी केलेलं असतं त्याच चौकशी करत असतात.

एखाद्या वेळी पोट दुखलं तर ही पद्धत चालूनही जाते. बहुतेक पोटं आपली आपण थांबतात आणि श्रेय ओव्याला मिळतं. पंचाईत होते ती पुन्हापुन्हा दुखणाऱ्या पोटाची. गणपतीत दुखलं ते मोदकांनी, कोजागरीला दुखलं ते मसाला दुधानं, दिवाळीत चकलीनं आणि संक्रांतीत तिळानं. चार गुन्हे, चार आरोपी, आणि करणारा एकच असेल ही शंका कुणाच्या मनाला शिवत नाही.

आमच्या दाजींचं असंच झालं होतं. डोंबिवलीला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत, स्वभावानं गरीब. पावसाळ्यापासून त्यांच्या पोटात बरगड्यांच्या खाली मधोमध दुखायचं. दर आठवड्याला नाही, पण आलं की चारपाच दिवस मुक्काम. रात्री दोनच्या सुमाराला जाग यायची, आत कुरतडल्यासारखं व्हायचं, मग दाजी अंधारात स्वयंपाकघरात जाऊन दोन मारी बिस्किटं खायचे आणि पुन्हा झोपायचे. ताईला डब्याचं झाकण वाजल्याचं ऐकू यायचं. तिनं त्याची नोंद 'या वयात रात्रीचं चरायची सवय लागलीय' अशी करून ठेवली होती. दुखण्यानं माणूस झोपेतून उठतो आणि खाल्ल्यावर त्याला बरं वाटतं, ही डॉक्टरच्या दृष्टीनं लाखमोलाची माहिती. आमच्या घरात ती बिस्किटांच्या हिशेबात जमा झाली.

ताईनं अखेर आत्याला फोन केला. आमच्या कुटुंबात पोट हा आत्याचा प्रांत आहे. आत्या कऱ्हाडहून आली ती पिशवीत हिंग, ओवा, सुंठ, बाळहिरडा आणि एरंडेलाची बाटली घेऊनच. पहिल्या दिवशी ओवा आणि काळं मीठ. दुसऱ्या दिवशी बेंबीभोवती हिंगाचा लेप. तिसऱ्या दिवशी तिनं दाजींना सतरंजीवर उताणं झोपवलं, बेंबीच्या बाजूला दोन बोटं रोवली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "बेंबी सरकलीय." मग पोटावर कणकेची चकती, चकतीवर पेटती पणती आणि पणतीवर पालथा तांब्या. आतली ज्योत विझली आणि तांब्यानं दाजींचं पोट असं काही ओढून धरलं की बँकेत ३५ वर्षं कधी आवाज न चढवलेले दाजी मोठ्यानं ओरडले. "सुटतंय बघ, सुटतंय," आत्या म्हणाली. तांब्या निघाला तेव्हा पोटावर तांबडं लाल वर्तुळ उमटलं होतं आणि नातवंडं मोबाइलवर त्याचे फोटो काढत होती.

ओवा-हिंगाशी माझं भांडण नाही. गुबारा धरला असेल तर बरं वाटतं, आणि नाही वाटलं तरी निदान घराला वास चांगला येतो. पण एरंडेलाची बाटली मात्र मी गुपचूप माळ्यावर टाकली. पोटात जोराची कळ येत असताना जुलाबाचं औषध द्यायचं नाही, पोट चोळायचंही नाही, कारण आत आंत्रपुच्छाला सूज असेल तर ते फुटायला मदतच होते. हे दुखणं मोठं लबाड असतं. सुरुवात बेंबीभोवती होते, म्हणून सगळे बेंबीलाच धरतात. नंतर काही तासांनी ते सरकत उजव्या बाजूला खाली जाऊन बसतं. सरकते ती बेंबी नव्हे, दुखणं.

आणखी एक गोष्ट आत्याला माहीत होती आणि तिचं मला कौतुक वाटतं. मुतखड्याचा माणूस एका जागी ठरत नाही. तळमळतो, उठतो, येरझारा घालतो, देवाला आणि बायकोला हाका मारतो. त्याच्याकडे सगळं घर धावतं. उलट पोटात काही फुटून आतल्या पडद्याला सूज आलेला माणूस पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, कारण हलला तरी दुखतं, खोकला तरी दुखतं, पोट लाकडासारखं ताठ होतं. त्याच्याकडे बघून घर म्हणतं, 'डोळा लागलाय वाटतं, झोपू दे.' खरी घाई या दुसऱ्याची असते.

घरचे उपाय संपले की आपण औषधाच्या दुकानात जातो. डॉक्टरकडे नाही, दुकानात. तिथं काउंटरवर कोपर टेकवून 'गॅसच्या दोन गोळ्या द्या' म्हणायचं. दुकानदार न विचारता पट्टी काढतो, कात्रीनं दोन गोळ्या कापतो, आणि हा कात्रीचा हात असा बसलेला असतो की औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी दुकानात राहते. आम्ल कमी करणारी ही गोळी सकाळी अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आपण ती मिसळ हाणून झाल्यावर घेतो, तर्रीचा दुसरा वाडगा पोटात गेल्यावर, पापक्षालन म्हणून. दाजी तिथूनच आणखी एक गोळी आणत होते, गुडघ्याची. जुनी पट्टी दाखवायची, नवी आणायची. गुडघा आणि पोट यांचा आपसात काही संबंध असेल असं घरात कुणालाच वाटलं नाही. गुडघा खाली, पोट वर.

गॅस हे आपलं सर्वमान्य निदान आहे. पाठीत भरला तरी गॅस, छातीत आला तरी गॅस, डोक्यात चढला तरी गॅस. मोठ्यानं ढेकर आली की रोगी आणि नातेवाईक दोघांचं समाधान होतं. इथं मात्र मला गंमत सुचत नाही. हृदयविकाराचा झटका कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जळजळ म्हणून येतो, मळमळ घेऊन येतो, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना. ढेकर आल्यावर किंवा सोडा प्यायल्यावर बरं वाटलं एवढ्यानं हृदय निर्दोष ठरत नाही. चालताना, जिना चढताना वाढणारी आणि थांबलं की कमी होणारी 'ॲसिडिटी' लवकरात लवकर हृदयाच्या डॉक्टरला दाखवायची. आणि बसल्या जागी घाम फुटला, दम लागला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे निघालं, तर लिंबू पिळत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि ईसीजी काढायचा. डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक आहे असं सांगितलं तर घरी येऊन लिंबू पिळता येतो. उलट क्रमानं जमत नाही.

आत्याचा दुसरा आरोपी तिखट. कोल्हापूरकडचा जावई आणि पोटात व्रण, म्हणजे दुसरा पुरावा नकोच. पोटातला व्रण तिखटानं आणि चिंतेनं होतो, असं जगभरचे डॉक्टरही वर्षानुवर्षं समजत होते. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना पोटाच्या अस्तरात एक वळणदार जंतू सापडला. कुणी मानेना. तेव्हा १९८४ साली मार्शलनं त्या जंतूंचं कालवण सरळ पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास येऊ लागला, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर पोटाला सूज आलेली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा तो जंतू आणि अंगदुखी-गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या, व्रणांचे मुख्य धनी हे दोघे. तिखटानं आधीच हुळहुळलेल्या पोटाला झोंबतं, एवढाच त्याचा दोष. 'काल काय खाल्लं' याचं असं शास्त्रोक्त उत्तर देणारा मार्शल हा पहिलाच माणूस असावा.

पोरांच्या पोटाची तऱ्हा आणखी निराळी. ताईच्या नातवाचं पोट सकाळी सातला दुखायला लागतं आणि शाळेची बस कोपऱ्यावरून वळली की थांबतं. रविवारी दुखत नाही. मे महिन्यात अजिबात नाही. आत्याचं निदान: सोंग. पण ते सोंग नव्हतं. पोर खरोखर पांढरं पडायचं. जॉन ॲप्ली नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५८ साली ब्रिस्टलमधल्या १००० शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, आणि खेळणं-शाळा अडेल इतकं पोट दुखणारी मुलं साधारण दहात एक निघाली. बहुतेकांच्या पोटात काहीच बिघाड सापडला नाही. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि त्याची मेंदूशी अखंड बोलणी चालू असतात. मेंदूला गणिताची बाई आठवली की आतडं दचकतं. ॲप्लीनं एक ठोकताळाही सांगितला: मूल बेंबीपासून जितकं लांब बोट दाखवेल तितका आत खरा रोग असण्याचा संभव जास्त. ठोकताळाच तो. वजन वाढत नसेल, ताप येत असेल, हिरव्या उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल किंवा पोर रात्री झोपेतून उठून रडत असेल, तर बेंबीजवळ दाखवलं तरी बालरोगतज्ज्ञ गाठायचा. नातवाच्या बाबतीत शेवटी असं निघालं की बसमध्ये मागच्या सीटवरचा एक मोठा मुलगा रोज त्याचा डबा काढून घेत होता. त्या मुलाची जागा बदलली. पोट थांबलं.

बायकांच्या पोटाबद्दल घरात चौकशी समितीच बसत नाही. 'बाईच्या जातीला दुखायचंच' या एका वाक्यात फाइल बंद. दर महिन्याला अंथरुणात मुरगळून टाकणारं दुखणं सोसायचं नसतं, दाखवायचं असतं. गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढत असेल तर ते कळायला कित्येकींना वर्षं लागतात, ती याच वाक्यापायी. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली, तर ती रात्र काढायची नाही. गर्भ नळीत अडकून नळी फुटली तर हातात वेळ थोडा असतो. हे मी ताईच्या सुनेपुढं बोललो तेव्हा आत्या म्हणाली, "पुरुषांनी यात तोंड घालू नये." सुनेनं मात्र चहाचा दुसरा कप आणून दिला.

एवढं सगळं माहीत असलं तरी माणूस दवाखान्यात जात नाही, कारण नेहमी काहीतरी व्हायचं असतं. आधी सत्यनारायण होऊ दे. मग भाचीचा साखरपुडा. मग मार्चअखेर. यात आपण एकटे नाही. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता, जगभरचे राजेरजवाडे लंडनला येऊन उतरले होते, आणि महाराजांचं पोट दुखत होतं. आंत्रपुच्छ सुजून पू झाला होता. महाराजांचं म्हणणं आपलं तेच, कार्य होऊन जाऊ दे. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यविशारदानं ऐकलं नाही. २४ तारखेला राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली आणि अभिषेक ९ ऑगस्टला झाला. हिंदुस्थानच्या सम्राटाचा मुहूर्त पुढं ढकलता येतो, भाचीच्या साखरपुड्याचा येत नाही.

दाजींना आम्ही नेलं ते साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी. नेलं म्हणजे दाजी, ताई, आत्या आणि मी. डॉक्टर मध्यमवयीन, शांत. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी दाजींना विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून," ताई म्हणाली.

"आधी कुठं? गौरी बसल्या त्या दिवशी तर छान जेवले," आत्या म्हणाली.

"एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं?" दाजींनी सगळा पंजा पोटावरून फिरवला. तोवर आत्यानं स्वतःच्या पोटावर नेमकी जागा दाखवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, पोट यांचं ना?" मग दाजींना टेबलावर झोपवून, गुडघे दुमडायला सांगून त्यांनी चारी बाजूंनी दाबून पाहिलं. "हे वर्तुळ कसलं?" त्यांनी विचारलं. आत्या छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"वजन कमी झालंय का?"

"पट्टा दोन भोकं आत गेलाय," आत्या अभिमानानं म्हणाली. "रोज फिरायला जातात ना."

"गुडघे दुखतात, फिरायला कुठं जातोय मी," दाजी हळूच म्हणाले. हे त्यांचं दवाखान्यातलं पहिलं वाक्य. डॉक्टरांनी पेन उचललं, आणि गुडघ्यासाठी काय घेता, हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. दाजींनी खिशातून पट्टी काढली. पुढचा प्रश्न शौचाच्या रंगाचा. खोलीत शांतता. ताईनं पदर सारखा केला. बत्तीस वर्षांच्या संसारात हा विषय निघाला नव्हता.

"डांबरासारखी काळी, चिकट होते का?"

"होते मधूनमधून," दाजी म्हणाले. "मला वाटलं, पालक."

लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण त्या दाजी घेत नव्हते. डांबरी काळी शौच म्हणजे वर कुठंतरी रक्त झिरपतंय. डॉक्टरांनी खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, त्या फिक्या होत्या. गुडघ्याची गोळी तिथल्या तिथं बंद. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी, रक्त तपासणी आणि दुर्बीण. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, आपसूक उतरणारं वजन, काळी शौच, झोपेतून उठवणारी कळ. यांतलं एक जरी असतं तरी मी थांबलो नसतो, डॉक्टर म्हणाले, यांच्याकडे सगळीच आहेत. त्यांनी कर्करोगाचं नाव घेतलं नाही. ताईला ते न घेताच ऐकू आलं आणि ती रुग्णालयाच्या रस्ताभर रिक्षात एक अक्षर बोलली नाही.

व्रण निघाला. लहान आतड्याच्या तोंडाशी, साधा. जंतूही निघाले. चौदा दिवस दोन प्रकारची प्रतिजैविकं, आम्लाची गोळी न्याहारीच्या आधी, आणि नंतर जंतू गेले की नाहीत हे बघायला पुन्हा तपासणी. ताईच्या शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्यांना किंचित असूया वाटल्यासारखं मला दिसलं. त्यांचंही पोट दोन वर्षं दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, शौचाला जाऊन आलं की बरं. सगळ्या तपासण्या झाल्या, आतडी हळवी आहेत एवढंच निघालं. "एवढे पैसे गेले आणि रिपोर्ट नॉर्मल," त्या अजून सगळ्यांना सांगतात. काही निघालं असतं तर पैसे वसूल झाले असते, असा एकूण भाव.

दाजींना घेऊन आम्ही पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा आत्या विजयी मुद्रेनं म्हणाली, "मी पहिल्यापासून विचारत होते, काय खाल्लं म्हणून. गोळी खाल्ली होती की नाही?" डॉक्टर हसले. मग म्हणाले, "आजी, तुमचं पोट कसं आहे?"

"मला काय धाड भरलीय."

"पुरणपोळी खाल्ली की उजव्या बरगडीखाली आवळतं तिला," दाजी म्हणाले. त्यांची जीभ आता मोकळी झाली होती. "तूप जास्त असलं की खांद्यापर्यंत जातं. दोन वर्षं."

"पित्ताशयात खडे आहेत का ते बघू," डॉक्टर म्हणाले. "साधी सोनोग्राफी आहे."

"नातीचं लग्न होऊन जाऊ दे," आत्या म्हणाली.

"सोमवारी या. रात्रीपासून उपाशीपोटी."

आत्यानं क्षणभर विचार केला. "सोमवार चालेल. सोमवारी माझा उपासच असतो."

"साबुदाण्याची खिचडी नाही हं, आजी," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "शेंगदाण्याचा लाडूही नाही."

"मग मंगळवारी येते," आत्या म्हणाली.